भुशीचा पाऊस आणि तोकियोचा त्वचावैद्य

मावळांत लोणावळ्याजवळ भुशी हें आमचें गांव. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावें म्हणून रेल्वेनें येथें इंद्रायणीवर धरण बांधलें. आषाढांत तें भरून पायऱ्यांवरून वाहूं लागलें कीं पुण्यामुंबईची मंडळी भिजावयास लोटतात. वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या मुलखांत कपडा वाळणें हेंच मोठें भाग्य. गेल्या पावसाळ्यांत आम्ही तोकियोहून सहकुटुंब महिनाभर घरीं आलों, तेव्हां दोरीवरचे कपडे दमटच अंगावर चढत. घर एकत्र, आणि घाईच्या वेळीं पंचाही एकत्र! थोड्याच दिवसांत आमच्या कमरेखालीं तांबूस, उंच कडेचें एक वर्तुळ उमटलें.

गजकर्ण आम्हांस ओळखूं आलें. पण जागा चारचौघांत दाखविण्याजोगी नव्हती. म्हणून औषधांच्या दुकानांतून, डॉक्टरांस न विचारतां, मलमाची एक नळी आणली व गुपचूप लावूं लागलों. दोन दिवसांत खाज थांबे. मलम थांबविलें कीं वर्तुळ दुपटीनें वाढे. तोकियोस परतल्यावर तीन आठवड्यांत सौभाग्यवतीच्या दंडावर व धाकट्या मुलाच्या मानेवर तींच वर्तुळें दिसलीं. आतां मात्र लाज सोडणें भाग पडलें.

तोकियोच्या एदोगावा विभागांतील निशि-कसाई येथें आम्ही राहतों. भारतीयांची तेथें मोठी वस्ती आहे. त्वचारोगांच्या दवाखान्यास जपानी भाषेंत ‘हिफुका’ म्हणतात, आणि असे लहान दवाखाने गल्लोगल्लीं असतात. आम्ही गेलों त्या दवाखान्यांत दारांतच जोडे काढून सपाता घातल्या, ओळखपत्र यंत्रावर ठेवलें, तोंच एक प्रश्नावली हातीं आली: त्रास केव्हांपासून, कोठें, आणि आजवर काय लावलें? शेवटच्या प्रश्नापाशीं लेखणी अडली. भाषा नडली, असें आम्ही मनास सांगितलें. खरा नडला तो संकोच.

डॉक्टरीणबाई वयस्क होत्या. त्यांनीं नळी मागून घेतली, वर्तुळाच्या कडेची त्वचा हलकेंच खरवडली, कांचेवर द्रावाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकांतून पाहिलें. मग आम्हांसही पाहूं दिलें. फांद्या फुटलेल्या तंतूंचें जाळें स्पष्ट दिसत होतें. “तामुशी,” त्या म्हणाल्या, आणि तो शब्द कागदावर लिहून दाखविला. एका अक्षराचा अर्थ भातखाचर, दुसऱ्याचा किडा. पायाच्या बोटांतील बुरशीस तेथें ‘मिझुमुशी’, म्हणजे पाण्यांतला किडा, म्हणतात. मावळांतल्या लावणीच्या चिखल्या आम्हांस आठवल्या. भात पिकविणाऱ्या दोन देशांनीं नांवेंही शेतांतूनच उचललीं होतीं!

मग त्यांनीं नळीची गोष्ट सांगितली. तींत स्टेरॉइड होतें. तें खाज व लाली दाबतें, पण त्वचेचा प्रतिकारही दाबून बुरशीस रान मोकळें करून देतें. भारत सरकारनें २०१८ मध्यें असलीं मलमें चिठ्ठीवरच विकण्याचा नियम केला आहे. पाळणारे आम्हीच नव्हतों. आम्ही हिंदुस्थानांतून आलों म्हणून त्यांनीं नमुना प्रयोगशाळेकडेही पाठविला. जपानमधील एका भारतीय व एका नेपाळी रुग्णाच्या गजकर्णांत नेहमींच्या टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी सांपडली होती, आणि २०२० मध्यें जपानी संशोधकांनीं तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असें नांव दिलें. आपल्या देशाचें नांव अशा ठिकाणीं वाचून मान खालीं गेली.

औषधें शेजारच्या निराळ्या दुकानांत मिळालीं. तेथें प्रत्येक औषधाची नोंद एका लहान वहींत होते. ती वही पुढच्या डॉक्टरांस दाखवावयाची. १९६१ पासून त्या देशांत सर्वांस आरोग्यविमा आहे, व तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्या परकीयांसही तो घ्यावा लागतो. त्यामुळें आम्हांस खर्चाच्या ३० टक्केच द्यावे लागले. पहिल्या गोळ्यांनीं गुण आला नाहीं, त्या बदलल्या. डाग गेल्यावरही बाईंनीं औषध थांबवूं दिलें नाहीं. तिघेही बरे होण्यास अडीच महिने लागले.

हें सारें आम्ही भुशीस कळविलें. दोन वेळां स्नान होणाऱ्या घरांत हा रोग शिरेल कसा, असें थोरल्या काकूंस वाटे. पण बुरशीस पाणी प्रिय, वैर तिला कोरडेपणाशीं. ओलेत्यानें वावरणारें सोवळें तिला थोपवीत नाहीं. आठ दिवसांनीं वहिनींचें उत्तर आलें. घरांतील आणखी तिघेजण तसलीच नळी एकमेकांपासून लपवून लावीत होते! मग सारे मिळून पुण्यास त्वचावैद्याकडे गेले. आतां भुशीच्या माजघरांत प्रत्येकाच्या नांवाचा पंचा निराळ्या खुंटीवर असतो, आणि पावसाळ्यांत तो शेगडीवर वाळवून मगच अंगास लागतो.