आतला दीड इंच

उसवायचं काम मी सकाळी काढते. तेव्हा डोळे ताजे असतात, खिडकीतला उजेड सरळ मशीनच्या फळीवर येतो आणि दहाच्या आत गिऱ्हाईक फिरकत नाही. काही शिंपी ब्लेड फिरवून मोकळे होतात. मी सुईनेच उसवते. तीन टाके सोडून चौथा उचलायचा, तोडायचा. असं शिवणभर केलं की मागच्या बाजूचा दोरा धरून ओढायचा, तो सरसरत अख्खा हातात येतो. शिवण उघडते आणि आतून एक पट्टी बाहेर येते. तिने कधी ऊन पाहिलेलं नसतं. बाहेरचा ब्लाऊज धुऊन धुऊन फिका गुलाबी झालेला, पट्टी मात्र दुकानातून आणली त्या दिवशीच्या राणी रंगाची. कडेला सुईच्या भोकांची ओळ. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवायची, नखाने हलकं घासायचं. सुती कापडाची भोकं बुजतात. रेशमाची बुजत नाहीत, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावं.

या पट्टीला आम्ही दाब म्हणतो. शिवणीच्या आत राखून ठेवलेलं कापड. ब्लाऊजच्या बाजूला आतून पाव-पाव इंचावर तीन टिपा मारायच्या. अंग भरलं की आतली एक टीप उसवली, काम झालं. पाव इंचाचा हिशेब नवख्या पोरींना पटत नाही. पुढचा भाग, मागचा भाग, दोन्ही बाजू, म्हणजे चार वेळा पाव. एक टीप सोडली की घेरात पूर्ण एक इंच मिळतो.

आमचं दुकान पापडीत, वसई स्टेशन आणि वसई गावाच्या मधे. दुकान पप्पांचं. 1998 साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला आणि पापडीचं चर्च कॅथेड्रल झालं, पण आमचं कॅलेंडर आधीपासूनच चर्चच्या घंटेवर चालत आलंय. नाताळच्या आधी श्वास घ्यायला फुरसत नाही, मे महिन्यात लग्नं, मुलींच्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं नसतात, तेव्हा अल्टरची, म्हणजे जुने कपडे सोडण्या-आवळण्याची कामं. अल्टरमध्ये पैसा नाही. तरी मला तेच जास्त आवडतं, कारण नवा कपडा शिवताना माणूस काय व्हायचंय ते सांगतो आणि अल्टरला येतो तेव्हा काय झालंय ते.

सांगतो म्हणजे आपणहून नाही. टेप कमरेभोवती गेली की प्रत्येक बाई श्वास रोखून पोट आत घेते. तो आकडा खोटा असतो. त्यावर शिवलेला कपडा पहिल्याच जेवणाला दगा देतो. पप्पांनी युक्ती शिकवली होती: टेप धरून ठेवायची आणि घरचं काहीतरी विचारायचं. मुलगा कुठे असतो, सासू बरी आहे का. बोलायला लागली की श्वास सुटतो, टेप बोटांवर ताणली जाते, तेव्हा आकडा वाचायचा. आता यात होतं काय, की हात वर केलेले, नजर समोरच्या भिंतीवर, मी पाठीमागे. तोंडाकडे बघणारं कोणी नसलं की माणसं भलतंच खरं बोलतात. मुलगा बोलत नाही. झोप लागत नाही. मी फक्त वहीत छाती, कंबर, मुंढा लिहिते. डॉक्टरकडे जा असं मात्र दोघींना सांगितलंय. मापं महिन्यात चार इंच उतरतात ती उपवासाने नव्हे.

एकदा एक बाई काळा ड्रेस घेऊन आली. नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले होते, वर्षभर काळं घालायचं ठरवलेलं, आणि ड्रेस अंगावर लोंबत होता.

"जास्तीचं कापून टाक. परत काय मी भरणार नाही."

"कापायला पाच मिनिटं लागतात, बाय. जोडता येत नाही. टीप मारून देते."

आतलं कापड तिला बोचणार होतं, म्हणून दाब दुमडून हाताने तुरपाई घातली. पुढच्या वर्षी आली ती एक टीप उसवून घ्यायला. काळा ड्रेस नव्हता, फुलाफुलांचा होता. दुसऱ्या कोणीतरी शिवलेला, त्याला दाब होता हे तिचं नशीब.

ही अक्कल मला फुकट आली नाही. इंटरलॉक मशीन घेतलं त्या वर्षी आतली शिवण बाजारच्या कपड्यासारखी देखणी करायची हौस होती. त्या मशीनला सुरी असते, जास्तीची कड कापत कापतच ते शिवतं. एका मुलीच्या आईच्या साडीतला ब्लाऊज मी असा चकाचक करून दिला. बाळंतपणानंतर ती तो घेऊन आली. आई तोवर गेलेली. आत सोडायला दोऱ्याइतकं कापड नाही. बगलेत दुसऱ्या कापडाचा तुकडा जोडला, रंग जुळला नाही. ती काही बोलली नाही, पैसे देऊन गेली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

वसईतल्याच नंदाखाल-निर्मळकडच्या, सामवेदी समाजाच्या म्हाताऱ्या बायकांना लाल लुगड्यात बघितलं की वाटतं, ह्यांना आमची गरजच नव्हती. लुगड्याला माप नसतं. पोरीची बाई होते, बाईची आजी, लुगडं तेच. घरंही तशीच होती. भोवती वाडी, विहीर, केळी. मुलाचं लग्न झालं की वाडीत एक खोली वाढायची. आता रेडिमेड कपड्यासारखे फ्लॅट, दाब न ठेवलेले. 2018च्या जुलैत वसई पाण्यात गेली तेव्हा पाण्यालाही शिरायला दाब उरला नव्हता. वीज गेलेली. पायमशीन असल्यामुळे मी मेणबत्तीवर शिवत बसले होते, भिजलेले गठ्ठे वर चढवून.

मागच्या उपवासकाळात एक पॅन्ट आली. कंबर सोडायची होती. मागची शिवण उघडली तर दीड इंच कापड, आणि खिशाच्या अस्तरावर बॉलपेनने लिहिलेला ऑर्डर नंबर. सात आकड्याला मधे रेघ. पप्पांचा सात. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. मी तो आकडा तसाच ठेवला, कंबर दोन इंच सोडली, तरी आत थोडं उरलं.

तर शिवायला टाकाल तेव्हा शिंप्याला तोंडाने सांगा: आत दीड इंच ठेव, बाजूला तीन टिपा मार, इंटरलॉकवर कापू नको. शिलाई तेवढीच पडते.