वाफशाची तारीख

महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठून पांढरं होतं. निफाडचे द्राक्षबागायतदार थंडीच्या कडाक्यात बागेत शेकोट्या पेटवतात. डोंबिवलीत मात्र थंडी पडली म्हणजे पंखा बंद झाला, एवढंच. थंड मुलखातला माणूस हिमाची शेवटची तारीख टळली की फरसबी पेरतो; आपल्याला भ्यायचं ते उन्हाला. फरसबीचं झुडूप पन्नास-साठ दिवसांत शेंगेवर येतं, पण पारा पस्तिशीकडे सरकला की फुलं गळतात, आणि ठाण्या-कल्याणात फेब्रुवारी सरता सरता तो सरकतोच. म्हणून आपण उन्हाळ्यापासून मागे मोजायचं. परतीचा पाऊस गेला, ऑक्टोबरची काहिली ओसरली, की दिवाळीच्या सुमारास बी कुंडीत गेलेलं बरं. आठवड्याभरात कोंब मान वाकवूनच माती फोडतो, मग ताठ होऊन दोन जाड दळं उघडतो. हे बघायला मी रोज सकाळी गॅलरीत जातो.

पण या मातीचा खरा शेंगवाला म्हणजे वाल. मुरबाड-शहापूरकडे तो भाताच्या मागे येतो. भात कापून झालं की खाचरात जी ओल उरते, तिच्यावरच त्याचं सगळं आयुष्य निघतं. वरून पडतं ते फक्त दव. म्हणून तारीख कॅलेंडरात नसते, मुठीत असते. मातीचं ढेकूळ दाबायचं: चिखल बोटांना चिकटला तर थांबायचं, गोळा होऊन हलक्या दाबानं फुटला तर वाफसा आला. घाई केली तर बी कुजतं, उशीर झाला तर जमीन भेगाळते. हळव्या भाताचं शेत लवकर मोकळं होतं, गरव्याचं उशिरा, त्यामुळे एकाच गावात पेरणी पुढेमागे होते. जुन्या जातींना फुलायला लहान दिवस लागतात. भर पावसाळ्यात पेरल्या तर नुसता पाला माजतो. पौषी पौर्णिमेला मुरबाडकडच्या म्हसा गावच्या यात्रेत घोंगड्या विकायला येतात, त्या सुमारास शेंगा भरत असतात. तेव्हा आभाळ ढगाळलं की जीव टांगणीला लागतो, कारण कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो.

कल्याण-शीळ रस्त्यालगतच्या खाचरांवर भराव पडताना पाहिला की माझा जीव तुटतो. भरावाच्या मुरमाला वाफसा येत नाही. पावसाचं पाणी धरून कार्तिकापर्यंत जपणारी ती चिकण माती एकदा खाली गाडली की गेलीच.

मुरबाडकडे कुणी ओळखीचं असेल तर कडव्या वालाचं गावठी बी ओंजळभर मागून आणा. बिरड्यासाठी सगळे भिजत घालू नका. थोडे राखेत घोळवून डब्यात ठेवा. पुढच्या दिवाळीनंतर सोसायटीच्या कुंपणालगत जिथे माती अजून उघडी आहे, तिथे मुठीत ढेकूळ दाबून बघा.