हजेरीचा पट

अध्यापकाच्या व्यवसायांत जीं कामें अत्यंत नीरस म्हणून प्रसिद्ध आहेत, त्यांत हजेरी घेण्याच्या कामास पहिला मान द्यावा लागेल. तीस वर्षें आम्ही हें काम करीत आलों. पण त्यांत आम्हीं कधीं मन घातलें, असें प्रामाणिकपणें म्हणवत नाहीं. पट उघडावा, क्रमांक भराभर वाचावे, 'हजर' हा शब्द कानीं पडला कीं टिंब द्यावें, न पडला तर फुली मारावी, आणि व्याख्यानास लागावें, हा आमचा क्रम. मागल्या बाकावरील एखाद्या उपकारी विद्यार्थ्यानें तिघांच्या वतीनें तीन निराळ्या आवाजांत 'हजर' म्हणावें आणि आम्हीं तें ओळखूनहि सोडून द्यावें, एवढाच काय तो त्यांत रस. ह्या नीरस कामाचें मोल आम्हांस पन्नाशी उलटल्यावर एका रोगाच्या साथीनें शिकविलें.

इ. स. २०२० च्या मार्चमध्यें महाविद्यालयें बंद झालीं आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्यानंतर साहाय्याच्या परिपत्रकांचा जो वर्षाव झाला, तसा आमच्या साऱ्या नोकरींत आम्हीं पाहिला नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगानें ५ एप्रिल रोजीं विद्यापीठांस लिहून, विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठीं मदतवाहिन्या सुरू कराव्या व वसतिगृहप्रमुख आणि ज्येष्ठ अध्यापक ह्यांच्या देखरेखीखालीं मदतगट नेमावे, असें सुचविलें. २९ एप्रिलच्या सूचनांप्रमाणें प्रत्येक विद्यापीठांत एक कोविड कक्ष असावा असें ठरलें. २१ जुलै रोजीं केंद्र सरकारनें 'मनोदर्पण' योजना काढून विद्यार्थी, पालक व शिक्षक ह्या तिघांसाठीं विनाशुल्क दूरध्वनीची सोय केली. 'स्वयं'वरील अभ्यासक्रम, 'स्वयंप्रभे'च्या ३२ दूरचित्रवाहिन्या, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय हीं साधनें तर आधींपासूनच होतीं. त्यांच्या पत्त्यांच्या लांबलचक याद्या आतां आमच्या ई-मेलवर येऊन पडूं लागल्या, आणि आम्ही त्या तशाच विद्यार्थ्यांकडे पाठवूं लागलों. ह्या सर्वांची थट्टा करावी असा आमचा हेतु नाहीं. ज्यांनीं ह्या सोयी योजिल्या त्यांची कळकळ खरी होती, व कित्येकांस त्यांचा उपयोगहि झाला. परंतु यादी पाठविली म्हणजे मदत पोंचली, अशी जी आमची समजूत झाली, ती मात्र खोटी होती.

त्याच २९ एप्रिलच्या सूचनांत हजेरीविषयीं एक कलम होतें. टाळेबंदीचा काळ सर्व विद्यार्थ्यांच्या बाबतींत उपस्थितीचा मानावा, असा त्याचा आशय. कलम न्यायाचें होतें व दयेचेंहि होतें. तें नसतें तर कित्येकांचें वर्ष बुडालें असतें. तरी त्यांतील विनोद आमच्या ध्यानांत आल्यावांचून राहिला नाहीं. ज्या दिवसांत वर्गांत एकहि विद्यार्थी नव्हता, त्या दिवसांत देशांतील यच्चयावत् विद्यार्थी पटावर हजर होते! शंभर टक्के हजेरीचें जें स्वप्न आम्हीं तीस वर्षें पाहिलें, तें असें साकार झालें.

ऑगस्टमध्यें आमचे तास मोबाईलवरून सुरू झाले. वर्गाच्या पटावर नांवें एकसष्ट. पडद्यावर कधीं तीस चौकटी, कधीं पंचवीस. त्यांतहि चेहरे दोनचारच, बाकीच्या चौकटी काळ्या. आमच्याकडील निम्मे विद्यार्थी डोंगराकडील खेड्यांतून येतात. सरकारच्याच २०१७-१८ सालच्या नमुना पाहणींत ग्रामीण भागांतील शंभर घरांपैकीं सुमारें पंधरांत इंटरनेटची सोय आढळली होती. हा आंकडा आम्हीं पूर्वीं वाचलेला होता, कदाचित् एखाद्या भाषणांत वापरलाहि असेल. पण काळ्या चौकटी मोजतांना तो आम्हांस प्रथम कळला. ज्यांच्यापर्यंत आमचा तास पोंचत नव्हता, त्यांस मदतवाहिनीचा पत्ता आम्ही ई-मेलनें कळवीत होतों!

मदतगटाच्या योजनेप्रमाणें आमच्या वांट्यास पंचवीस विद्यार्थी आले होते. त्यांतील तेविसांशीं बोलणें झालें. उरलेल्या दोघांपुढें आम्हीं 'संपर्क नाहीं' असा शेरा लिहिला आणि तक्ता वर पाठवून दिला. तक्ता पूर्ण भरल्याबद्दल आमची प्रशंसाहि झाली.

सप्टेंबरांतील एका संध्याकाळीं, कांहीं तरी करावयाचें म्हणून, आम्हीं त्या दोघांपैकीं एकाच्या प्रवेश-अर्जावरील दूरध्वनि पुन्हां लावला. ह्या खेपेस एका बाईंनीं उचलला. "गुर्जी, पोरगं दिसभर बाजारात असतंय. रातच्याला आठ वाजता लावा, मग गावंल." आठ वाजतां मुलगा भेटला. अर्जावरील दूरध्वनि वडिलांचा होता. वडील वाशीच्या बाजारांत माथाडी होते. मे महिन्याच्या अखेरीस ह्याच रोगानें ते मुंबईंत गेले, आणि गांवीं अडकलेल्या ह्या मुलास त्यांचें अंत्यदर्शनहि घडलें नाहीं. पुढें कोणीं तरी त्यांचा दूरध्वनि आणून दिला. मुलगा आतां तालुक्याच्या बाजारांत पोतीं वाहत होता. ही हकीकत त्यानें अगदीं साध्या स्वरांत सांगितली आणि शेवटीं विचारलें, "सर, माझं नांव अजून पटावर आहे का?"

आम्हीं "आहे" म्हणालों. परंतु त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं. ज्या दिवशीं ह्या मुलाचा बाप गेला, त्या दिवशींहि आमच्या दफ्तरीं तो हजर होता. त्याला वरच्या वर्गांत घातल्याचेंहि दफ्तरांत होतें. कागदावर त्याचें सर्व कांहीं ठीक चाललें होतें.

पुढील गोष्ट थोडक्यांत सांगण्यासारखी आहे. सहकाऱ्यांनीं वर्गणी काढून त्याची फी भरली, एकानें आपला जुना मोबाईल दिला, आणि २०२१ सालीं तो पदवीधर झाला. ह्यांत आमचा मोठेपणा नाहीं. तोच दूरध्वनि आम्हीं एप्रिलमध्यें नेटानें लावला असता, तर निदान मे महिन्यांत त्या घरीं आपुलकीचा एक शब्द तरी पोंचला असता.

अध्यापकांची स्थिति फार निराळी होती असेंहि नव्हे. आम्हां कायम नोकरदारांचा पगार चालू होता. पण तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आमच्या एका तरुण सहकाऱ्यास तास नाहीं म्हणून मोबदलाहि नव्हता. तो गांवीं जाऊन दूधसंकलनाच्या केंद्रावर बसूं लागला, हें आम्हांस चार महिन्यांनीं कळलें. त्याच्या नांवाचा तर पटच कोणाजवळ नव्हता.

पुण्यास १८९७ सालीं प्लेग आला, तेव्हां सावित्रीबाई फुले स्वतः रोग्यांकडे गेल्या, आणि त्या शुश्रूषेंतच रोग जडून १० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांचें नांव घेऊन आमच्यासारख्यानें आपली तुलना करूं नये. इतकेंच म्हणावयाचें कीं, त्या शिक्षिकेनें मदत कोठें मिळते ह्याची सूचना लावली नाहीं. ती उठून दाराशीं गेली. साधनें जमविणें हें संस्थेचें काम आहे व तें झालेंच पाहिजे. पण साधन आणि माणूस ह्यांच्यामध्यें जें अंतर उरतें, तें कोणीं तरी नांव घेऊन हांक मारल्याशिवाय तुटत नाहीं.

२० ऑक्टोबर २०२१ रोजीं महाविद्यालयें उघडलीं. पहिल्या तासास आम्हीं हजेरी घेतली, ती क्रमांकांनीं नव्हे, नांवांनीं. आणि नव्या पटाबरोबर जुनाहि नेला होता. जुन्यांत असून नव्यांत नसलेलीं चार नांवें आम्हीं वाचलीं. एक मुलगा चाकणला कारखान्यांत लागला, एका मुलीचें लग्न झालें, एकानें वडिलांचें दुकान संभाळलें, असें त्यांच्या सोबत्यांनीं सांगितलें. चौथें नांव एका मुलीचें होतें. आमच्या तक्त्यांतील 'संपर्क नाहीं' ह्या शेऱ्याची तीच दुसरी मानकरीण. तिच्याविषयीं वर्गांत कोणासच कांहीं ठाऊक नव्हतें. आम्हीं तें नांव पुन्हां एकदां वाचलें, थोडे थांबलों, आणि मग धडा उघडला.