भंडाऱ्यात हरलेले प्राध्यापक

भंडाऱ्यात बाबासाहेबांचं नाव निघालं की बोलणं १९५४च्या पोटनिवडणुकीवर येतं. राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी त्यांना हरवलं, याची हळहळ अजून संपलेली नाही. मला त्या पराभवापेक्षा पुढची दोन वर्षं जास्त बोलकी वाटतात. ज्या हिंदू कोड बिलापायी त्यांनी १९५१ साली कायदेमंत्रिपद सोडलं, ते १९५५-५६ साली एकत्र कुटुंबाच्या वाटणीसारखं चार कायद्यांत विभागून मंजूर झालं: विवाह, वारसा, अज्ञान-पालकत्व, दत्तक व निर्वाह.

मुळात हा माणूस शिक्षकी पेशातला. १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे ते प्राचार्य झाले. त्याच कॉलेजात आधी पां. वा. काणे यांनी कायदा शिकवला होता, आणि हे कायदे आले तेव्हा काणे राज्यसभेत होते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा एक आणि घटस्फोटाच्या बाजूनं संसदेत कौटिल्य-पराशर काढून दाखवणारा दुसरा. असे मास्तर आता कुठे मिळायचे!

कौटुंबिक कायद्याचं पुढचं शिकवणं तारखांचं आहे. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे जन्मानंच हिस्सेदार, केलं, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली केंद्राच्या दुरुस्तीत ती अट राहिली नाही. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली मिटवला: नकोत.

इकडे धानाच्या बांधीत पऱ्हे रोवायला चिखलात वाकतात त्या बायका. सातबाऱ्यावर बहुधा भाऊ. बाप गेला की हक्कसोडपत्र निघतं. निबंधक कार्यालयाच्या ओट्यावर भाऊ कागद पुढे करतो, "ताई, इथं सही कर." ताईच्या मांडीवर नव्या लुगड्याची पिशवी. कोणी विचारलंच तर म्हणते, "जमीन घेऊन का करू? माहेर तुटन ना!" तिचा हिशेब चुकीचा आहे असं मला म्हणवत नाही. नवऱ्याशी बिनसलं तर ती जाणार त्याच भावाकडे.

मी शिकवत असतो तर पहिल्या तासाला मिताक्षरेसारखा वारसाहक्काचा जुना ग्रंथ काढलाच नसता. अशी पाच-सहा हक्कसोडपत्रं वाचायला दिली असती. 'स्वखुशीने, कोणाच्याही दाबदडपणाला बळी न पडता' हा मजकूर त्यांत बहुतेक ठरलेलाच असतो. सही करण्याआधी तो ताईला कोणी वाचून दाखवला का, एवढं मुलांनी गावात जाऊन विचारून यावं.