दांड्याची रायफल

शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात बंदुकीचे काय काम, असे कुणी विचारील. पण ज्यांच्या तुरीत रोह्यांचा कळप शिरला आहे, किंवा ज्यांचा भुईमूग एका रात्रीत रानडुकरांनी उकरून टाकला आहे, ते विचारणार नाहीत. मी मूळचा वर्धा जिल्ह्यातला. वडिलांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची बंदूक होती. तिने कधी काही मारल्याचे मला आठवत नाही, ती आवाज काढण्यापुरती. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. शेतापेक्षा ठाण्याच्याच वाऱ्या तिने अधिक केल्या असतील.

१९८६ साली पोटापाण्यासाठी मी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया राज्यात आलो. काम दूध काढण्याची यंत्रे दुरुस्त करण्याचे, म्हणजे दिवसभर गोठ्यांतून हिंडायचे. मुलूख डोंगराळ. मका, सोयाबीन आणि गायींसाठी घास ही मुख्य पिके, आणि शेताला लागून झाडी. त्या झाडीत पांढऱ्या शेपटीची हरणे. संध्याकाळी ती घासात उतरतात, आणि सोयाबीनचे कोवळे शेंडे तर अशी खुडून नेतात की ओळीच्या ओळी बोडक्या दिसतात. म्हणजे जागा बदलली, दुखणे तेच.

तिथल्या जुन्या शेतकऱ्यांच्या घरी हटकून एक आखूड रायफल दिसायची. चापाभोवतीच्या कडीलाच खाली दांडा जोडलेला. हातपंपाचा दांडा मारावा तसा हा खाली ओढला की रिकामे काडतूस बाहेर उडते आणि घोडा चढतो; वर घेतला की नळीखालच्या लांब नळकांड्यातले पुढचे काडतूस जागेवर बसते. गुराख्यांच्या इंग्रजी सिनेमात पाहिलेली बंदूक ती हीच, असे मला वाटले होते. ते तितकेसे खरे नाही. सिनेमातली बहुधा १८९२ ची विंचेस्टर असते. हरणासाठी घरोघर गेली ती जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली १८९४ ची. धूर न करणारी दारू तेव्हा नवी होती. त्या दारूचे ‘थर्टी-थर्टी’ काडतूस १८९५ साली या रायफलीसाठी आले. पहिले तीस म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या शंभराव्या भागात. दुसरे तीस म्हणजे दारूचे वजन, तीस ग्रेन. ही रायफल सत्तर लाखांहून अधिक तयार झाली.

माझी स्वतःची मार्लिन ३३६ आहे, जुनी, हातबदल होऊन आलेली. हा नमुना १९४८ चा. तिची रिकामी काडतुसे बाजूने पडतात, त्यामुळे वर दुर्बीण बसवता येते. शेजारच्या म्हाताऱ्यांकडे विंचेस्टर होती, त्यांच्या वडिलांनी १९५१ साली घेतलेली. १९६४ साली कारखान्याने खर्च वाचवण्यासाठी बनावट बदलली, म्हणून त्याआधीच्या रायफलींना जाणकार आजही जास्त पैसे मोजतात. तिसरी नावाजलेली म्हणजे सॅव्हेज ९९. तिला बाहेर घोडा नाही, आणि काडतुसे पोटातल्या फिरत्या चक्रीत बसतात. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विंचेस्टर-मार्लिनच्या नळकांड्यात एका काडतुसाच्या बुडाशी दुसऱ्याचे टोक टेकलेले असते. टोकदार गोळी वापरली आणि धक्क्याने ते टोक पुढच्या काडतुसाच्या टिकलीवर आदळले तर आतल्या आतच स्फोट होईल. म्हणून गोळी बोथट ठेवावी लागते. बोथट गोळीला हवा अडते, लांबवर तिचा जोर सरतो. सॅव्हेजच्या चक्रीमुळे टोकदार गोळी चालते.

दीडशे-पावणेदोनशे पावलांपलीकडे मी माझ्या मार्लिनने नेम धरतच नाही. दुकानात आज याहून कितीतरी लांबचा मारा करणाऱ्या रायफली मिळतात, आणि तरुण पोरे त्या घेतात. त्यांना मी नावे ठेवत नाही. पण जवळ जायचे म्हणजे वारा पाहावा लागतो, वाळल्या पानांत पाय जपून टाकावा लागतो, तासन्‌तास झाडाला टेकून बसावे लागते, आणि समोर नर आहे की मादी, मागे कुणाचा गोठा तर नाही ना, हे डोळ्यांनी नीट दिसते. तीन-सव्वातीन किलोची आखूड रायफल झुडपांत अडकत नाही, ही सोय वेगळीच. एक खोड मात्र या बनावटीत आहे. रिकामी करायची तर एकेक काडतूस दांडा मारून बाहेर काढावे लागते. म्हणून मी रानात पोचल्याखेरीज ती भरत नाही. गाडीत भरलेली रायफल ठेवणे तर कायद्यानेच गुन्हा आहे.

कायद्याचे म्हणाल तर तो चांगलाच कडक आहे. अंगावर भगव्या-केशरी रंगाचे भडक कापड दुरून दिसेल असे हवे. सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासाच्या आधी आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापुढे गोळी नाही. राहत्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत, घरमालकाची परवानगी नसेल तर नाही. शिंगवाला नर वर्षाला एकच. मादीसाठी वेगळा परवाना. आपोआप भरणारी रायफल हरणाला चालत नाही, म्हणून तर हे दांड्याचे नमुने तिथे टिकून राहिले. आणि मारलेल्या हरणाचे मांस विकता येत नाही. घरी खा, नाहीतर वाटून टाका.

हे नियम उगाच आले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाजारात मांस विकण्यासाठी एवढी कत्तल झाली, रानेही एवढी तुटली, की पेन्सिल्व्हेनियात हरीण औषधालाही मिळेना. १८९५ साली राज्याने शिकारीवर देखरेख करणारे मंडळ नेमले. १९०० साली लेसी कायद्याने बेकायदा मारलेले जनावर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास देशभर बंदी आली. १९३७ साली आणखी एक कायदा झाला. त्याने रायफल व काडतुसांवरच्या अकरा टक्के कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या राखणीसाठी राज्यांना बांधून दिला. आता हरणे इतकी वाढली की शेतकरी बोटे मोडतात.

२०१६ च्या हिवाळ्यात माझी आई आमच्याकडे आली होती. आई माळकरी, वय चौऱ्याहत्तर. थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी तिथे रायफलीचा हंगाम सुरू व्हायचा (२०१९ पासून तो शनिवारी सुरू होतो), आणि त्या दिवशी गावाकडच्या शाळांना सुट्टी असायची. पोळ्याला आपल्याकडे असते तशीच लगबग. आदल्या रात्री मी मार्लिन पुसत बसलो होतो. आई म्हणाली, “काहून रे बाबू, इथं तुला खायला कमी आहे का?” मी म्हटले, कमी नाही. “मग?” यावर मला चटकन उत्तर देता आले नाही. मी पिकाच्या नुकसानीचे सांगितले. ती म्हणाली, “नुकसान मला नको सांगू. तुझे बाबा गेल्यावर मी एकटीनं जागल केली आहे. रोही माझ्यापासून दहा हातांवर उभा राहायचा. त्याचे डोळे पाहिले की हातातला डबा वाजवायचंसुद्धा विसरायला व्हायचं.”

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारचे म्हातारे आले. ते ऐंशीचे. आईने त्यांना आल्याचा चहा दिला. मी दुभाषा होऊन मध्ये बसलो. आईने सरळ विचारले, “गोळी लागून जनावर पळालं तर काय करता?”

“शोधतो. रक्ताचा माग काढतो. कंदील घेऊन रात्रीसुद्धा.”

“आणि नाही सापडलं तर?”

म्हातारे थोडा वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, साठ वर्षांत एक सापडले नाही. दोन दिवस शोधले. ओढ्याच्या कडेला ज्या ठिकाणी माग संपला ती जागा अजून दाखवू शकेन. मी हे मराठीत सांगितले. आई काही बोलली नाही. तिने त्यांना आणखी चहा ओतला. नंतर मला म्हणाली, “मला हे पटलं असं समजू नको. माझ्या भांड्यात ते शिजवायचं नाही.” तिची भांडी आम्ही वेगळी ठेवली, आणि त्या वर्षीचे माझे हरीण मी कापणाऱ्या खाटकाकडेच गरिबांसाठी देऊन टाकले. शिकाऱ्यांनी दिलेले मांस अन्नछत्रांना पोचवण्याची व्यवस्था या राज्यात १९९१ पासून आहे, आणि ती चांगली चालते.

दोन वर्षांनी म्हाताऱ्यांनी मला घरी बोलावले. विंचेस्टर टेबलावर ठेवली होती. नळीच्या टोकाची नेमाची माशी आता दिसत नाही, म्हणाले. दुर्बीण लावावी तर जुन्या विंचेस्टरची रिकामी काडतुसे सरळ वर उडतात, दुर्बीण आड येते; आणि वडिलांच्या रायफलीला भोके पाडायला त्यांचा जीव होईना. मुलगा शहरात, त्याला गोडी नाही. पण नात अकरा वर्षांची झाली होती आणि तिने शिकारीआधी सक्तीने करावे लागणारे शिक्षण पुरे केले होते. बाराव्या वर्षी परवाना मिळतो. तिला दांडा मारायला शिकवा, एवढेच त्यांनी माझ्याकडे मागितले. पोर पहिल्याच दिवशी मला म्हणाली, “आधी नळी रिकामी आहे का ते बघू.” मला तेवढे पुरे झाले. पहिल्या हंगामात तिने गोळी झाडलीच नाही. झाडामागे मादी होती की शिंग न फुटलेला नर, ते तिला कळेना.

विंचेस्टरचा न्यू हेवनचा कारखाना २००६ साली बंद पडला. त्या नावाच्या दांड्याच्या रायफली आता जपानात बनतात. मार्लिनचे नावही २०२० साली दुसऱ्या कंपनीकडे गेले. म्हाताऱ्यांची रायफल मात्र त्याच घरात आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीची वाट बंद आहे, आणि या लेखातून ती उघडा असे मला सुचवायचे नाही. गावी आता भावाने झटका मशीन बसवले आहे. दर डिसेंबरात आईचा फोन येतो. मिळालं का, असे ती विचारते, मी हो किंवा नाही सांगतो, आणि मग ती रोह्यांचे सांगू लागते. या वर्षी म्हणे ते आमच्या तारेला लागून उभे राहतात आणि शेजाऱ्याच्या चण्यात शिरतात. शेजारी बोलेनासा झाला आहे. त्याच्याही शेताला तार लावून द्यावी का, याचा हिशेब भावाने मांडला आहे.