हलक्या बुटाची संथ परीक्षा

दुकानात बूट बघायला आलेला माणूस आधी काय करतो, तर बूट तळहातावर घेऊन तोलतो आणि म्हणतो, "वा, वजनच नाही!" मग अंगठ्यानं टाचेचा फोम दाबून बघतो. एवढं झालं की त्याचं मन बरंचसं ठरलेलं असतं. लोकांना पळायला शिकवणं हा माझा धंदा, त्यामुळे बूट घ्यायला बरोबर या म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी जातो आणि सुरुवातीला गप्प बसतो. पळताना प्रत्येक पावलाला बुटावर अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो. अंगठ्याच्या दाबाला त्यातलं काय कळणार?

वजनाला अर्थ नाही असं मात्र नाही. बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. धावपटूंना पत्ता लागू न देता त्यांच्या बुटांत शिशाचे बारीक छर्रे भरले आणि त्यांना तीन हजार मीटर पळवलं. दर बुटामागे १०० ग्रॅम वाढले की ऊर्जा सुमारे एक टक्का जास्त लागे आणि वेळ पाऊण टक्क्याच्या आसपास वाढे. आता आपला हिशोब करा. रोजचा बूट २६० ग्रॅमचा, नवा हलका २२० चा. फरक ४० ग्रॅमचा. पाच मिनिटांत किलोमीटर पळणाऱ्याला त्यातून मिळणार किलोमीटरमागे जेमतेम एक सेकंद. शर्यतीत त्या सेकंदाला किंमत आहे. मंगळवारी सकाळी आठ किलोमीटर पळून ऑफिस गाठणाऱ्याला त्याचं काय करायचंय? शिवाय जाहिरातीतलं वजन एका ठरावीक मापाचं असतं, बहुतेकदा पुरुषांच्या अमेरिकी नऊ नंबरचं. अकरा नंबरवाल्यानं बूट घरी आणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावा.

म्हणजे हलकेपणा कुठून आला, हे वजनापेक्षा महत्त्वाचं. पूर्वी बूट हलका करायचा तर तळ पातळ करत, आणि त्याची किंमत पोटऱ्या मोजत. सत्तरच्या दशकापासून पळण्याच्या बुटात ईव्हीए फोम आहे. तो आजही वाईट नाही, पण दमतो लवकर. २०१३ मध्ये आदिदासनं बूस्ट आणला, उसळीला झकास पण अंगानं जड. २०१७ मध्ये नायकेच्या व्हेपरफ्लायबरोबर पेबा नावाचा फोम सगळ्यांच्या तोंडी झाला आणि जाड तळ म्हणजे जड बूट हे समीकरण मोडलं. पुढे २०२० मध्ये जागतिक अ‍ॅथलेटिक्सला रस्त्यावरच्या शर्यतीसाठी तळाची जाडी ४० मिलिमीटरवर रोखावी लागली. आता कंपन्या शर्यतीच्या बुटातला फोम घेतात, त्यातली कार्बनची प्लेट काढतात आणि तो बूट रोजच्या सरावाला विकतात. आदिदासचा एव्हो एसएल हा त्याच घराण्यातला. सॉकोनीच्या एंडॉर्फिन स्पीडमध्ये कार्बनऐवजी नायलॉनची प्लेट आहे. मला ही सगळी जात आवडते. कार्बनचे बूट घालून बागेत रमतगमत पळणाऱ्यांपेक्षा तर नक्कीच.

पण यातला कुठलाही बूट पारखताना माझा एक हट्ट असतो, आणि त्यावरून बरोबरीचे प्रशिक्षक माझी चेष्टा करतात. हलका बूट मी आधी संथ पळून बघतो. वेगात बहुतेक बूट गोडच लागतात. पाय जमिनीवर फार वेळ टिकत नाही, अंग सावध असतं, चवड्यावर भार येतो आणि फोमची उसळी नेमकी तिथे मिळते. सात मिनिटांत किलोमीटर अशा वेगानं पळा, मग बुटाचं खरं रूप दिसतं. पाय जमिनीवर जास्त वेळ राहतो, बऱ्याच जणांची टाच आधी टेकते, मऊ फोम खाली बसतो आणि बसता बसता एका बाजूला झुकतो. घोटा त्याला सावरायला धडपडतो. हे दोन किलोमीटरमध्ये जाणवत नाही. तासाभरानं पोटरीच्या आतल्या बाजूला किंवा गुडघ्याखाली एक बारीक तक्रार सुरू होते, तिचा उगम हा असतो.

म्हणून नवा बूट मी लाँग रनच्या दुसऱ्या दिवशी काढतो, पाय जड असताना. पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारात पहाटे जातो. तिथे सावली आहे, डांबर बरं आहे आणि थोडा चढउतार आहे. मुद्दाम हळू पळतो. घड्याळ बघत नाही, आवाज ऐकतो. दमल्यावर पाऊल फटफट आपटायला लागलं तर बूट मला पुढे ढकलत नाहीये, नुसता झेलतोय. वळणावर टाच बुटात सरकते का ते बघतो. पुढचा भाग फार वर उचललेला असेल तर हळू पळताना आपण कायम उतारावर असल्यासारखं वाटतं. काहींना ते आवडतं, मला नाही. रोजच्या पळण्यात ऐंशी टक्के पळणं हे असंच, गप्पा मारता येतील अशा वेगाचं असावं, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. मग बुटानं त्या ऐंशी टक्क्यांत पास व्हायला नको?

त्यानंतर वेग. ट्रॅक मिळाला तर सणस मैदानावर, नाहीतर मोकळ्या सपाट रस्त्यावर हजार हजार मीटरचे तुकडे. इथे पहिल्या तुकड्याला मी भाव देत नाही, शेवटचा बघतो. दमलेल्या पायाला बूट चवड्यावरून पटकन सोडतो की धरून ठेवतो, एवढाच प्रश्न. ट्रॅकच्या वळणावर डावा पाय बुटाच्या कडेला दाबला जातो. वरचं कापड फारच झिरझिरीत असेल तर पाय फोमच्या बाहेर डोकावतो. वजन वाचवताना कंपन्या कात्री चालवतात ती बहुधा इथेच, नाहीतर जिभेवर. जीभ इतकी पातळ करतात की घट्ट लेस पायाच्या वरच्या बाजूला चावते.

दुसरी कात्री तळाच्या रबरावर. कोरड्या रस्त्यावर काही बिघडत नाही. जुलैत पुण्याच्या फुटपाथवरच्या शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर आणि झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या रंगावर मात्र उघडा फोम बर्फावर असल्यासारखा सुटतो. आपल्याकडे निम्मं सराव वर्ष पावसाशी भांडण्यात जातं, तेव्हा मी रबरासाठी वीस ग्रॅम आनंदानं देईन.

रुंदीचा मुद्दा तर दुकानात कुणी काढतच नाही. दक्षिण भारतातल्या कायम अनवाणी चालणाऱ्या लोकांच्या पायांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. बूट वापरणाऱ्यांपेक्षा त्यांचे पाय रुंद निघाले आणि तळव्यावरचा दाब अधिक समान पसरलेला. गावाकडून आलेल्या माझ्या कितीतरी मुलांचे पंजे असेच पसरट आहेत, आणि हलके बूट मात्र निमुळते. करंगळीकडे कापड ताणलेलं दिसलं की तो बूट मी परत ठेवायला लावतो, मग फोम कितीही भारी असो.

गेल्या मोसमात इंदापूरकडचा एक मुलगा आला, पोलीस भरतीची तयारी करणारा. "सर, एकच जोड परवडेल. रोजचं पळणं आणि सोळाशे मीटरचा सराव, दोन्ही त्यातच." चार जोड आलटून पालटून वापरणाऱ्या आयटीवाल्यांना हलका बूट म्हणजे पाचवी हौस, याच्यासाठी तो एकमेव होता. शर्यतीच्या फोमचा नवाकोरा बूट त्याच्या आवाक्यात नव्हता. मी त्याला सांगितलं, संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजलेला असतो. सरावाचे मोजे घालून जा. मागच्या वर्षीचं मॉडेल विचार. आणि दुकानदार ट्रेडमिलवर पळायला लावेल तेव्हा तो वेग वाढवायला लागला तरी तू वाढवू देऊ नकोस.

त्यानं साधारण अडीचशे ग्रॅमचा, प्लेट नसलेला, रुंद पंजाचा जोड आणला. रंग इतका भडक पोपटी की निम्म्या किमतीत मिळाला. "दुकानदार म्हणत होता, जरा जोरात पळून बघ, मजा येईल," तो हसत सांगत होता. "म्हटलं, सरांनी नको सांगितलंय." मग मी त्याला त्याच बुटात विद्यापीठाच्या तीन फेऱ्या हळू मारायला पाठवलं. तो थोडा हिरमुसला.