जन्मावरून हजेरी

सोलापूर

चि. मुक्ता,

हुशारी रक्तातूनच येते, काही जातींत ती कमीच असते, असं मेसमध्ये कुणी म्हणालं आणि तुला उत्तर सुचलं नाही. तू जीवशास्त्र शिकतेस, म्हणून हे सविस्तर लिहिते.

जनुकांचा बुद्धीशी संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. संबंध आहे. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचे बुद्ध्यांकही बरेच जवळ येतात. २०१८ साली सुमारे ११ लाख लोकांच्या अभ्यासात, कोण किती वर्षं शिकतं याच्याशी नातं असलेल्या १,२७१ जागा जनुकसंचात सापडल्या. एकेकीचा वाटा मात्र नखभर. आणि ही सगळी माणसं युरोपीय वंशाची. त्यांच्यावरून बांधलेला अंदाज इतरांना लावला की लटका पडतो.

जातीजातींबद्दल तर यातून काहीच निघत नाही. रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मक्याच्या बियांचा दाखला दिला होता. आपण ज्वारी घेऊ. एकाच पोत्यातलं मिसळीचं बी अर्धं भीमाकाठच्या काळ्या रानात पेर, अर्धं मुरमाड माळावर. एका रानात सगळ्या ताटांना माती-पाणी सारखंच, म्हणून तिथला उंच-खुजेपणा बियाण्याचा. दोन रानांतला फरक मात्र जमिनीचा. माणसांच्या बाबतीत जमीन म्हणजे गरोदर आईचं जेवण, आयोडीन, शाळा, घरातली पुस्तकं.

आणि मुक्ता, आपल्या गावात तर जमिनीला कुंपणच घातलं होतं. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यामागचा तर्क असा, की सुतारकी घराण्यात येते तशी चोरीही येते. कुणाचं काही तपासलं नव्हतं. जमातीचं नाव पुरे होतं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींच्या वसाहतीत, कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशी कुटुंबं तारेच्या आत ठेवली. गिरणीत राबायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पाऊल नाही. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे नाव अजून पत्त्यात आहे. तारेआड वाढलेल्यांच्या नातवंडांचे गुण बघून त्यांच्या रक्ताचा निवाडा करणाऱ्यांची मला चीड येते.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे तुझ्याच वयाच्या आसपास बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवटीच्या दोन बाजूंतल्या विषमतेत गोऱ्यांची वरचढ बुद्धी दिसेल, अशी त्यांची अटकळ. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाशी तसा संबंध नाही, असं फिशर यांच्याच हाताखालच्या प्रबंधात लिहिलं. विज्ञान टाळून नव्हे, मोजूनच.

दिवाळीला आलीस की कॉलनीतल्या एका आजींकडे जाऊ. लहानपणी त्यांनी आईचं बोट धरून हजेरी दिली आहे. तुझ्या एखाद्या मैत्रिणीलाही यायचं असेल तर आण. वही मात्र आजींनी हो म्हटल्यावरच काढायची.

तुझी,
मावशी